गर्भापासून गर्भापर्यंत

पंचांगाच्या पहिल्या पानांवर शालिवाहन शकाच्या आसपास ‘गतकली’ म्हणून एक आकडा छापलेला असतो. शके १९४६ च्या पंचांगात तो ५१२५ होता. कलियुग लागून तेवढी वर्षं सरली, असा त्याचा अर्थ. लग्नाचे मुहूर्त आणि एकादश्या पाहण्याच्या गडबडीत त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्याच वर्षी, २७ जून २०२४ रोजी, नाग अश्विन यांचा ‘कल्की २८९८ एडी’ हा तेलुगू चित्रपट आला आणि या दुर्लक्षित आकड्याला एकदम कथानक मिळालं. परंपरेनं कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ असा धरला आहे. त्यात २८९८ मिळवले की बरोबर ६००० होतात. दिग्दर्शकाचा हिशेबही हाच: कथा महाभारताच्या अखेरीस सुरू व्हायची आणि सहा हजार वर्षांनी थांबायची.

पुराणांचा हिशेब मात्र वेगळा आहे. त्यांचं कलियुग ४,३२,००० वर्षांचं आणि कल्की यायचा तो त्याच्या अगदी शेवटी. म्हणजे अजून सव्वाचार लाखांहून जास्त वर्षं शिल्लक असताना चित्रपटानं कल्कीला बोलावून घेतलं आहे. ही घाई मला महत्त्वाची वाटते. चार लाख वर्षांची मुदत दिली की माणूस निश्चिंत होतो. जे बिघडायचं ते बिघडेल, आपल्या नातवंडांच्या नातवंडांनासुद्धा त्याची झळ नाही. नदी आटलेली, जमीन पडीक आणि पाणी विकत, असं जग आठ-नऊशे वर्षांवर आणून ठेवलं की ती सोय उरत नाही. पुराणकारांना काळाची कमतरता नव्हती. आपल्याला आहे, असं या दिग्दर्शकाला वाटतं.

चित्रपटातलं शेवटचं शहर काशी आहे. काशीला अविमुक्त क्षेत्र म्हणतात. शंकर तिला सोडून जात नाही आणि प्रलयातही ती त्रिशूळाच्या टोकावर उचलून धरतो, अशी श्रद्धा. तेव्हा सगळं संपल्यावर काशी उरणं परंपरेला धरूनच आहे. पण इथे गंगा कोरडी आहे आणि शहराच्या डोक्यावर ‘कॉम्प्लेक्स’ नावाचा एक प्रचंड उलटा पिरॅमिड लटकतो आहे. हिरवळ, पाणी, अन्न, सगळं त्याच्या पोटात. आत जायचं तर ढीगभर ‘युनिट’ मोजायचे. त्रिशूळाचं टोक काशीला खालून तोलून धरतं आणि या पिरॅमिडचं टोक वरून तिच्यावर रोखलेलं असतं. ही रचना कुणाला सुचली असेल त्याला दाद द्यायला हवी. बाकी वाळवंटातल्या टोळ्या, धुरकट गाड्या आणि चिलखती शिपाई यांचा माल ‘मॅड मॅक्स’ आणि ‘स्टार वॉर्स’च्या पेठेतून उचललेला आहे, आणि तो लपवण्याचा कुणी प्रयत्नही केलेला नाही. पूर्वार्धात प्रभासचा भैरव आणि त्याची बडबडी गाडी बुज्जी यांचे विनोद चालू असताना, मध्येच राजामौली आणि राम गोपाल वर्मा तोंड दाखवून जात असताना, मला घड्याळाकडे पाहावंसं वाटलं. विज्ञान म्हणाल तर जयंत नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला इथे फारसं काही हाताला लागत नाही.

हाताला लागतो तो अश्वत्थामा. ऐंशी ओलांडलेल्या अमिताभ बच्चन यांनी तो असा उभा केला आहे की इतर सगळे त्याच्यापुढे उसनवारीचे वाटतात. कारण केवळ नटाचं नाही. या पात्राशी दिग्दर्शकानं जे केलं आहे, ते महाभारताच्या आतून सुचलेलं आहे.

सौप्तिकपर्व आठवावं. रात्री झोपलेल्या पांचालांची आणि द्रौपदीच्या पाच पुत्रांची कत्तल करून अश्वत्थामा पळतो. पाठलाग होतो, तेव्हा तो गवताच्या काडीवर अस्त्र मंत्रून सोडतो. ते परत घेता येत नाही म्हटल्यावर त्याचा रोख पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांकडे वळवतो. महाभारतात माणसं मारण्याचे नाना प्रकार आहेत, पण न जन्मलेल्यावर शस्त्र धरणारे विरळा. कृष्ण उत्तरेचा गर्भ वाचवतो, अश्वत्थाम्याच्या मस्तकावरचा मणी जातो आणि शाप मिळतो: तीन हजार वर्षं रक्तपुवाच्या दुर्गंधीसह, कुणाशीही न बोलता, निर्जन प्रदेशांत भटक. भागवतात हा प्रसंग निराळा आहे. तिथे द्रौपदीच त्याला सोडायला सांगते; मी रडते आहे तशी याच्या आईला रडायला लावू नका, म्हणते.

तीन हजार वर्षांचा शाप पारंपरिक गणितानं इसवी सनाच्या आधीच संपायला हवा होता. लोकांनी तो संपू दिला नाही. सात चिरंजीवांत त्याची गणना झाली आणि आपल्याकडे तर तो जखमेसाठी तेल मागत दारोदार हिंडू लागला. नर्मदा परिक्रमा करून आलेल्यांच्या अनुभवकथनांत तो भेटल्याचे किस्से असतात. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या धडगाव भागात अस्तंबा नावाचं शिखर आहे. दिवाळीत आदिवासी मोठ्या संख्येनं तिथे चढून जातात. अस्तंबा ऋषी म्हणजेच अश्वत्थामा, तो या डोंगरांत तेल मागत फिरतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असं तिथे सांगतात. भ्रूणहत्येच्या पातक्याला वाटाड्या करून टाकणारी ही लोकबुद्धी मला विलक्षण वाटते. संस्कृत ग्रंथानं त्याला नुसतं भटकायला लावलं होतं. डोंगरातल्या माणसांनी त्याला काम दिलं.

नाग अश्विन यांनीही नेमकं हेच केलं आहे. त्यांना अस्तंबा ठाऊक असेल असं मला वाटत नाही, पण चाल तीच. त्यांच्या चित्रपटात कृष्ण शापासोबत प्रायश्चित्त सांगतो: ज्यानं एका गर्भावर अस्त्र सोडलं, त्यानं कलियुगाच्या अखेरीस दुसऱ्या एका गर्भाचं रक्षण करायचं. तो दुसरा गर्भ कल्कीचा. कॉम्प्लेक्समध्ये गर्भधारणेला योग्य स्त्रियांना क्रमांक देऊन कोंडलेलं असतं. त्यांच्या गर्भांतून काढलेला रस सुप्रीम यास्किन नावाच्या जराजर्जर सत्ताधीशाला टिकवण्यासाठी वापरतात. सम-८० या क्रमांकाची स्त्री तिथून निसटते. अश्वत्थाम्यानं जे एका रात्री संतापाच्या भरात केलं, तेच आता प्रयोगशाळेत शांतपणे, नोंदी ठेवून चाललेलं आहे. त्याला तिच्यापुढे उभं केल्यावर वेगळं भाष्य करावं लागत नाही.

या जुळणीत आणखी एक धागा आहे. चित्रपट त्याचा उच्चार करत नाही. उत्तरेच्या पोटी वाचलेलं ते मूल म्हणजे परीक्षित. पुढे राजा झाल्यावर गाय-बैलाला मारणारा कली त्याला दिसतो आणि तो त्याच्यावर तलवार उपसतो. कली शरण येतो, तेव्हा राजा त्याला राहायला जागा नेमून देतो: जुगार, मद्य, परस्त्री, हिंसा आणि शेवटी मागून घेतलेलं सोनं. कीर्तनकार सांगतात की मग तो राजाच्याच सोन्याच्या मुकुटात जाऊन बसला. त्या भरात परीक्षितानं ऋषीच्या गळ्यात मेलेला साप टाकला, तक्षकदंशाचा शाप ओढवून घेतला, आणि मरणापूर्वीच्या सात दिवसांत शुकाकडून भागवत ऐकलं. त्या भागवताच्या बाराव्या स्कंधात कलियुगाचं वर्णन आणि शंभल गावी होणाऱ्या कल्कीच्या जन्माचं भाकीत येतं. म्हणजे कल्कीची वार्ता ज्या कानांवर पडली, ते कान अश्वत्थाम्याच्या अस्त्रातून वाचलेले होते. चित्रपटकर्त्यानं अश्वत्थाम्याला कल्कीच्या आईपाशी आणून उभं केलं, तेव्हा कथेची दोन सुटी टोकं एकत्र आली. हे अभ्यासातून आलं की कथाकाराच्या उपजत जाणिवेतून, कोण जाणे.

बारावा स्कंध आज वाचताना दचकायला होतं. पैसा हेच कुळ आणि पैसा हाच सद्गुण ठरेल, बळ असेल त्याच्या बाजूनं न्याय लागेल, राजे लुटारू होतील, दुष्काळ आणि करांनी पिचलेली माणसं डोंगरांत पळून कंदमुळांवर जगतील. कॉम्प्लेक्सचे युनिट यापुढे सौम्य वाटतात. पण त्याच पानांवर दुसरीही तक्रार आहे. वर्णांची उतरंड कोसळेल आणि शूद्र वरचढ होतील, याचंही पुराणकाराला तितकंच भय वाटतं. ज्याला तो जगाचा अंत म्हणतो, त्यातला काही भाग दुसऱ्या कुणाची सुटका असू शकतो. महाराष्ट्रात हे सांगायला नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त अवतारांची मालिका उलटी धरून वाचली. पाताळात दडपलेल्या बळीला त्यांनी नायक केलं. आणि आपल्याकडच्या बायका दिवाळीत ओवाळताना जे राज्य यावं म्हणून मागणं मागतात, ते बळीचं असतं. पांढऱ्या घोड्यावरच्या कल्कीची वाट पाहणारं घर मी तरी पाहिलेलं नाही.

चित्रपटानं या उतरंडीला हात घातलेला नाही, पण एक बदल मुकाट्यानं केला आहे. पुराणात कल्की विष्णुयश नावाच्या ब्राह्मणाच्या घरी जन्मतो. कल्किपुराण आईचं नाव सुमती सांगतं. चित्रपटात सम-८० ची सुमती होते, विष्णुयश मात्र गायब आहे. बापाच्या जागी प्रयोगशाळा आहे. अवताराला कुळच उरलेलं नाही. एवढा धीट बदल करून सुमतीला मात्र संवाद मोजकेच दिले आहेत. दीपिका पदुकोण बराच काळ भेदरलेल्या डोळ्यांनी पळते आणि तिच्या पोटातल्या जिवाबद्दल इतर लोक बोलत राहतात. उत्तरेचंही असंच होतं. सहा हजार वर्षांत आईच्या वाट्याला एवढंच यावं, हे खटकतं.

अखेरीस कमल हासन यांचा यास्किन त्या रसाचा एक थेंब मिळाल्यावर तरतरीत होतो आणि अर्जुनाचं गांडीव उचलतो. चित्रपटगृहात शिट्ट्या वाजतात. महाभारतात गांडिवाचा शेवट असा नाही. कृष्ण गेल्यावर द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनाला वाटेत आभीर लुटतात, लाठ्याकाठ्या घेतलेले लोक. गांडीव चढवताना त्याचे हात थकतात, अस्त्रं आठवत नाहीत, अक्षय भाते रिकामे होतात. व्यास त्याला सांगतात, शस्त्रांचं काम झालं, आता निघा. महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी आडवा येतो, हे धनुष्य वरुणाचं आहे, परत कर म्हणतो, आणि अर्जुन ते पाण्यात टाकून देतो. आता पाणीच आटलेल्या जगात वरुणाची ठेव उघडी पडली असेल, तर ती कुणाच्याही हाती लागणार. मात्र जे धनुष्य शेवटी अर्जुनाच्याही कामी आलं नाही, ते यास्किनच्या हातात का चालावं, याचं उत्तर दुसऱ्या भागात द्यावं लागेल.