कोरडें पिंप

आतां घरोघर प्लॅस्टिकचीं पिंपें आलीं. तरी लाकडी पिंपाचा धडा विसरूं नये. घाटाखालीं, मलकापुराकडील उन्हाळ्यांत, तें चार दिवस रिकामें राहिलें कीं फळ्या आकसतात, सांधे उघडतात व पाणी गळतें. जाणता मनुष्य तें फेंकीत नाहीं. गळत असतांही भरीत राहतो. एकदोन दिवसांत लाकूड पाणी पिऊन फुगतें व सांधे मिटतात.

मजुरीसाठीं सहा महिने परगांवीं राहिलेला, उपासना सुटलेला बंधु परत आला, तर ‘आधीं नीट हो, मग मंडळींत ये’ असें म्हणणें न्याय्य आहे काय? जो पाण्यावांचून कोरडा झाला, तो पाण्यावांचून मिटेल कसा?

कोणी म्हणेल, मग पापास दोषच नाहीं काय? आहे. कुजलेली फळी पाण्यानें सुधारत नाहीं. वरून डांबर फांसल्यास कूज झांकते, थांबत नाहीं. ती फळी काढूनच टाकावी लागते. पश्चात्ताप तो हाच. यिर्मयाच्या २ ऱ्या अध्यायांत फुटक्या हौदांचा दोष सांगितला आहे. परंतु त्याआधीं झरा सोडल्याचा.

म्हणून उपदेशक बंधूंनो व मंडळीच्या वडिलांनो, कोरडें कोणतें व कुजलेलें कोणतें, हें प्रथम पारखा. आणि पारखतांना आपलें स्वतःचें पिंप भरलेलें आहे काय, तेंही पाहा.