बिननावाचं बोकड

आमच्या घरात शेळीला नाव असतं, बोकडाला नसतं. शेळ्यांत भुरी झाली, चांदी झाली, काळीच्या तर चार पिढ्या झाल्या. बैल सर्जा-राजा, कुत्रा मोत्या. बोकड मात्र नुसतं 'ते थोरलं', नाहीतर 'ते कानफाटकं'. हा नियम आईचा. ती म्हणायची, "नाव ठिवलं की हाक मारावी लागती, आन् हाक मारली की ते येतंय." पुढचं ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

आमचा माणदेश कोरडा. पावसानं दगा दिला की पेरणीचं बी बोकडाच्या पैशातनंच येतं. पोरांची फीसुद्धा. तेव्हा हे लिहिणारा माणूस मटण खाणारा आणि बोकड विकणारा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याची नात आली, तेव्हा भुरीला तीन करडं झाली होती. शेळीला सड दोनच. त्यामुळं तिसरं, अशक्त करडू बाटलीनं पाजावं लागायचं. ते काम नातीनं घेतलं आणि त्याला नाव ठेवलं, चिंट्या. दिवाळीला ती परत आली तर चिंट्या दावणीला नव्हता.

"आबा, मोत्याला विकाल का?"

"त्याला कोण घेतंय बाळा?"

ती हसली नाही. मग मलाही विचार करावा लागला. मोत्या राखण करतो म्हणावं, तर त्याचे दात पडून दोन वर्षं झाली. चोर आला तरी हा शेपूट हालवंल. तरी सकाळ-संध्याकाळ त्याला भाकरी आहेच. मोत्याला माया कळते म्हणावं, तर चिंट्या बांधापलीकडनं नातीचा आवाज ओळखून पळत यायचा. मी तिला खरं ते सांगितलं: फरक जनावरात नाही, रेघ आपण ओढलीय. पोटासाठी ओढलीय.

त्या दिवशी तिनं मटणाला हात लावला नाही. पुण्याला परतताना ढाब्यावर मात्र चिकन मागवलं. मी काही बोललो नाही. ती कोंबडी तिनं कधी पाहिलीच नव्हती.

मी पाहिलीय. पुतण्याचं ब्रॉयलरचं शेड आहे. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड आणि राबणूक याची. एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत दोन किलो वजन, की गाडी दारात. पोरगा निर्दयी नाही. उन्हाळ्यात पंखे लावून रात्रभर जागतो. पण लंगडणारा पक्षी उचलताना तो बघतो ते वजन. इतक्या हजारांत दुसरं काय बघणार? नाव न ठेवण्याचा आईचा नियम तिथं लागतच नाही. तिला बोकडाचं तोंड ओळखू यायचं, म्हणून तर नियम लागला.

माझा एक माळकरी मित्र मला पापी म्हणतो. थट्टेत, पण म्हणतो. त्याच्या दारात चार म्हशी. म्हैस रेडी व्याली तर आनंद, रेडा झाला तर सगळे गप्प. रेडकाला पान्हा सुटेपर्यंत लावायचं आणि ओढून खुंट्याला बांधायचं, कारण दूध डेअरीला घालायचं असतं. थोड्या दिवसांत ते वाळत वाळत जातं. कुणी मारलं म्हणता येत नाही. सुरी नाही, रक्त नाही. सगळेच असं करतात असं नाही, पण आमच्या भागात हे कुणाला नवीन नाही. त्या रेडकापेक्षा माझ्या बोकडाच्या वाट्याला जास्त आलं, असं मी म्हणतो: पोटभर दूध, बाभळीच्या शेंगा, रानातलं हिंडणं. त्यानं मारणं पुसलं जात नाही, हेही मला कळतं. पण रेघ आपण ओढली, तर पलीकडच्याचं देणंही आपल्याच अंगावर आलं. ते फेडायचं सोडून नुसती नजर फिरवायची, हे मला पटत नाही.

दारात व्यापारी येतो, तेव्हा माझ्या दोन अटी असतात. न्यायच्या आधी पाणी पाजायचं. आणि पाय बांधून मोटरसायकलला उलटं लटकवायचं नाही, टेम्पोतनं उभं न्यायचं.

तो दरवेळी म्हणतो, "आबा, कापायचंच हाय की ते."

"कापशील तवा काप. आत्ता जितं हाय."

टेम्पोचं भाडं तो माझ्या पैशातनं वजा करतो. करू दे.