पाणबुडीची वेसण

मुंबईस माझगावच्या गोदीत पाणबुड्या बांधतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. तेथे बांधलेली 'शल्की' १९९२ साली नौदलात दाखल झाली. पुढे २०१७ पासून २०२५ पर्यंत 'कलवरी' जातीच्या सहा पाणबुड्या तेथूनच नौदलास मिळाल्या. या सर्व डिझेलवर चालणाऱ्या. डिझेल जाळून त्या विजेच्या बॅटऱ्या भरून घेतात. परंतु जाळण्यास हवा पाहिजे, म्हणून काही काळाने वर येऊन पाण्याबाहेर नळी काढणे त्यांस भाग पडते. त्या वेळी शत्रूस त्यांचा सुगावा लागू शकतो. म्हणजे त्यांच्या बळास निसर्गानेच वेसण घातली आहे.

अणुशक्तीवर चालणाऱ्या हल्ल्याच्या पाणबुडीस ही वेसण नाही. युरेनियमचे अणू फुटून जी उष्णता निघते तिने पाण्याची वाफ होते, व त्या वाफेने चक्रे फिरतात. हवा मुळीच लागत नाही. श्वासाचा प्राणवायू व पिण्याचे पाणी समुद्राच्या पाण्यापासूनच करून घेतात. कोठीतील शिधा सरेपर्यंत ती खालीच राहून पाणतीर व क्षेपणास्त्रे सोडू शकते. आपल्या देशाने अशी 'चक्र' नावाची पाणबुडी सोविएत संघाकडून १९८८ ते १९९१ पर्यंत भाड्याने घेतली होती, आणि २०२४ साली अशा दोन देशातच बांधण्यास सरकारने मंजुरी दिली.

आता प्रश्न असा की, ज्या बळास बाहेरची वेसण नाही, त्यास आवरावे कोणी?

युद्धात सर्व क्षम्य आहे, असे कित्येक म्हणतात. शस्त्र हातात धरणे हेच पाप, असे दुसरे म्हणतात. दोन्ही उत्तरे सोपी आहेत, कारण दोहोंनी विचाराचे श्रम वाचतात. २ मे १९८२ रोजी 'काँकरर' या ब्रिटिश अणुपाणबुडीने आर्जेंटिनाचे 'जनरल बेलग्रानो' हे जहाज बुडविले, व ३२३ माणसे मेली. ब्रिटनने जाहीर केलेल्या निषिद्ध क्षेत्राच्या ते बाहेर होते. कप्तानाने हे आपल्या मनाने केले नाही. लंडनहून मंत्र्यांची परवानगी आली होती. ते कृत्य योग्य होते की नाही, याविषयी त्या देशातील लोकांनीच पुढे आपल्या सरकारास जाब विचारला. असे दुःख आपणही जाणतो. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने आपली 'खुकरी' बुडविली, तेव्हा १९४ जण गेले. आणि 'हंगोर' तर डिझेलचीच होती.

गावचा जागल्या रात्री काठी घेऊन फिरतो, त्यास कोणी पापी म्हणत नाही. परंतु अंधारात त्याने निरपराध्याच्या पाठीत काठी घातली, तर जाब त्या एकट्यासच द्यावा लागतो काय? काठी गावाने दिली, पगार गावाने दिला. मग गावास हात झटकता येत नाहीत. पाणबुडीही आपल्याच करातून होते, व तिला आज्ञा देणारे आपल्याच मतांनी निवडले जातात. तिला वर येण्याचे कारण उरले नाही, म्हणूनच ती कोणाच्या आज्ञेने व कोणत्या नियमाने शस्त्र सोडते, हे विचारण्याचे आपले काम वाढले आहे. समुद्र ज्यांनी कधी पाहिला नाही, त्यांच्याकडेही हे काम येते.