त्यागाआधी हक्क

घरात राबणाऱ्या बाईने नावाची हाव धरू नये, केलेलं काम देवाला वाहून मोकळं व्हावं, ही शिकवण आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती थेट गीतेतूनच आली असं बहुतेकांना वाटतं. बाईने स्वयंपाकघरात काही नवं शोधलं की ते 'घरचं' होतं, आणि शोधणारी कोण असं विचारलं तर तो अहंकार ठरतो. हा निष्काम कर्माचा विपर्यास आहे. गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते. पण सोडायचं फळ आधी कर्त्याच्या पदरात पडावं लागतं. जे श्रेय कधी दिलंच नाही त्याचा बाईने त्याग केला म्हणणं म्हणजे एखाद्याचा खिसा कापून त्याला दानशूर ठरवणं.

यावर पहिला आक्षेप असा, की घरातल्या क्लृप्त्यांना शोध कशाला म्हणायचं? विळी नीट पाहावी. सुरीने चिरताना भाजी जागेवर असते, पातं हलतं. विळीत पातं पाटाला घट्ट बसवलेलं, पाटावर पायाचा भार, आणि दोन्ही हात भाजीला मोकळे. म्हणून माठाची अख्खी जुडी मुठीत आवळून बारीक चिरता येते आणि त्याच बैठकीत टोकाच्या दातेरी चकतीवर नारळही खवता येतो. अंधेरी-मुलुंडच्या फ्लॅटमध्ये ओटा आला, बाई उभ्याने स्वयंपाक करू लागली आणि ही बैठक मागे पडली. पण कामाची नवी घडी बसवणं थांबलं नाही. लोकलच्या बायकांच्या डब्यात मांडीवर पिशवी पसरून मटार सोलणारी, मेथी निवडणारी बाई रात्रीच्या स्वयंपाकाचा पहिला टप्पा प्रवासातच उरकते. अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ यांनी स्वयंपाकघरातल्या हालचालींचा हिशेब मांडला तेव्हा त्याला अभियांत्रिकी म्हटलं गेलं. घाटकोपरच्या बाईने तोच हिशेब स्वतःच्या दिवसाला लावला की तिला फक्त 'चटपटीत' म्हणतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. विळी लोहाराने घडवली, पिढ्यान्पिढ्या ती बदलत गेली, मग नाव कुणाचं घ्यायचं? हे खरंच आहे. पण अनेकांनी मिळून केलं याचा अर्थ कुणीच केलं नाही असा होत नाही. शिवाय जिथे नाव ठाऊक असतं तिथेही आपण ते कुठे सांगतो? कमला सोहोनी यांनी 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी या घटकावरचं त्यांचं काम नावाजलं गेलं. याच कमलाबाई पुढे मुंबईत ग्राहक चळवळीत उतरल्या आणि अन्नातली भेसळ गृहिणीला घरच्या घरी ओळखता यावी म्हणून त्यांनी सोप्या चाचण्यांचं साहित्य तयार केलं. केंब्रिजचा उल्लेख होतो. ओट्यावर पोचलेली प्रयोगशाळा मात्र तळटीपेतही क्वचितच येते. माझ्या मते तीही तितक्याच मोलाची आहे.

नाव नसल्याची किंमत किती, हे हळदीने दाखवलं. जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख असताना त्या संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. पण तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर पुरावा धरला जात नव्हता, छापील मजकूर लागत होता. म्हणजे आपल्याकडच्या घराघरांतली प्रत्यक्ष कृती प्रमाण नव्हती, तिच्याबद्दल कुणीतरी लिहिलेला कागद प्रमाण होता. ज्ञान कशाने सिद्ध होतं, हा प्रमाणशास्त्राचा जुना प्रश्न इथे स्वयंपाकघरातल्या हळदीच्या डब्यापर्यंत आला. भारतात 2002 च्या दुरुस्तीनंतर पारंपरिक ज्ञानाला पेटंट मिळत नाही. हे संरक्षण हवंच आहे. मात्र त्याने लूट थांबते, ते ज्ञान जपणारीचं नाव लागत नाही.

उरला सगळ्यांत जिव्हाळ्याचा आक्षेप: नाव लावलं की मालकी येते, मालकी आली की वाटून घेण्याचा धर्म बुडतो. याला उत्तर वारकरी परंपरेतच आहे. जनाबाई दळण-कांडण करणारी, नामदेवांच्या घरची दासी. 'मी'पण विरघळवणं हीच तिची साधना. तरी अभंगाच्या शेवटी तिची नाममुद्रा आहे, आणि त्यात अहंकार आहे असं कोणत्याही वारकऱ्याला वाटलं नाही. उलट जात्यावर ओव्या रचणाऱ्या असंख्य बायकांची नावं गेली, त्यांच्यात अहंकार कमी होता म्हणून नव्हे, तर त्यांच्या ओव्यांना मुद्रा नव्हती म्हणून. जनीचे अभंग दिंडीत कुणीही गातं, त्यासाठी परवानगी लागत नाही, दाम मोजावा लागत नाही. आणि गाताना जनीचं नाव मात्र घ्यावंच लागतं.