खौलाची तक्रार

मदिनेत राहणाऱ्या खौला बिन्त सालबा या बाईवर तिचा म्हातारा नवरा औस एके दिवशी चिडला आणि म्हणाला, ‘तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी आहेस.’ इस्लामच्या आधीच्या अरबस्तानात एवढ्या एका वाक्यानं संसार मोडायचा. याला जिहार म्हणत. नवरा जबाबदारीतून सुटायचा, पण बाई मोकळी होत नसे. तिला दुसरं घर मांडता येत नसे. खौला पैगंबरांकडे गेली. सुरुवातीला त्यांच्याकडूनही तिला हवं ते उत्तर मिळालं नाही, असं परंपरा सांगते. ती तिथून उठली नाही. माझी उमेद या माणसाच्या घरात सरली, पदरात मुलं आहेत, मी जाऊ कुठं, हेच ती विचारत राहिली. मग कुरआनातला ५८वा अध्याय उतरला. नवऱ्याविषयी वाद घालणाऱ्या त्या बाईचं म्हणणं अल्लाहनं ऐकलं आहे, असं त्याची पहिलीच आयत सांगते. पुढच्या आयतींत जिहारला खोटं बोलणं ठरवलं आहे आणि असं बोलणाऱ्या पुरुषाला प्रायश्चित्तही दिलं आहे: गुलाम मुक्त करावा, नाहीतर सलग दोन महिने रोजे ठेवावेत, तेही झेपत नसेल तर साठ गरिबांना जेवू घालावं.

लहानपणी मी मिरजेत उस्तानींकडे बसून सगळा कुरआन अरबीत वाचून पुरा केला. अर्थ कुणी सांगितला नाही. तो पुढं, शाळेत मराठी शिकवायला लागल्यावर, मराठी भाषांतरातून वाचला, आणि या अध्यायापाशी मी बराच काळ अडून राहिले. घरात आम्हा मुलींना एकच गोष्ट शिकवली गेली होती, ती म्हणजे सब्र. सोसणारी बाई अल्लाहला प्यारी. आणि इथं तर वाद घालणाऱ्या बाईसाठी आयत उतरली होती! तेव्हापासून मी मानत आले आहे की अन्यायाची तक्रार करणं ही श्रद्धेतली उणीव नव्हे, ती श्रद्धाच आहे. न्याय देणारा कुणीतरी आहे असा विश्वास असल्याशिवाय माणूस तक्रार करत नाही.

आज या तक्रारीचं काय होतं, हे मी आमच्या गल्लीत पाहिलं. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शायराबानो यांच्या खटल्यात एकाच दमात दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. त्यानंतर एका वाहिनीची माणसं आमच्याकडं आली. गल्लीतली एक बाई साड्यांना फॉल-पिको करून दोन मुलांना वाढवते. तिच्यापुढं माइक धरला आणि विचारलं, ‘निकालानं खूश आहात ना?’ ती म्हणाली, ‘चांगलं झालं. पण मला तलाक दिलेलाच नाही. त्यानं इचलकरंजीत दुसरी केली. खर्चाला पैसे देत नाही. रेशनकार्डावर नाव त्याचंच आहे.’ दुसऱ्या वाक्यालाच माइक तिसऱ्या बाईकडं गेला होता. रात्री बातमीत ती दिसली, ‘चांगलं झालं’ एवढंच म्हणताना. पडद्यावर तिच्या मागं बुरखा घातलेल्या बायकांची पाठमोरी रांग होती, ती कुठली कोण जाणे, आमच्या गल्लीतली नव्हती. दुसऱ्या दिवशी जमातीतले एक बुजुर्ग तिच्या दारात आले. ‘बेटी, घरातली गोष्ट बाहेर कशाला? ते लोक आपली बदनामी करायलाच टपलेत.’ टपलेले असतीलही. पण घरातली गोष्ट घरात ऐकून घेणारं कोण होतं, हे तिनं त्यांना विचारलं, तेव्हा ते चहा न घेताच गेले.

म्हणजे बाहेरच्यांना तिच्या तोंडून तिच्या धर्माविरुद्धचा पुरावा हवा होता आणि आतल्यांना तिचं मौन हवं होतं. पोटगी, रेशनकार्ड, मुलांची फी यांतलं काहीच कुणाच्या कामाचं नव्हतं. २०१९च्या कायद्यानं तिहेरी तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतची कैद ठेवली. तलाकचा उच्चारही न करता बायकोला टाकून जाणारा त्यात कुठंच सापडत नाही.

शाहबानोंचंही असंच झालं. इंदूरच्या या बाईंनी १९७८ साली मागितली होती पोटगी. उच्च न्यायालयानं दरमहा १७९ रुपये २० पैसे ठरवले, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केले. या रकमेवरून देश पेटला, मोर्चे निघाले, १९८६ साली संसदेनं कायदा केला. त्या दबावाखाली शाहबानोंनी स्वतःच निकाल नाकारल्याचं जाहीर केलं. त्यांच्या नावावर आजही निवडणुकीची भाषणं होतात. चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारानंतर घराबाहेर काढलेल्या त्या म्हातारीचं पुढचं आयुष्य कसं गेलं, हे त्या भाषणांत मी कधी ऐकलं नाही.

आणि आमच्याच मातीतली रहीमबी तर कुणाला ठाऊकच नाही. २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात, दगडू पठाण विरुद्ध रहीमबी या खटल्यात, पूर्णपीठानं सांगितलं की मी तलाक दिला आहे असं पुरुषानं कोर्टात लिहून देणं पुरेसं नाही. तलाकला सबळ कारण होतं आणि आधी दोन्ही घरांच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला होता, हे त्याला सिद्ध करावं लागेल. न्यायमूर्तींनी यासाठी कुरआनाचाच आधार घेतला. शायराबानो निकालाच्या पंधरा वर्षं आधी हे महाराष्ट्रात घडलं. त्याआधी १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम बायका तलाकविरुद्ध मुंबईत विधानभवनावर चालत गेल्या होत्या. ‘दलवाईंच्या सात बायकांचा मोर्चा’ असं सगळे म्हणतात. सात हा आकडा लक्षात राहिला, त्या सातजणींची नावं विचारली तर माझ्या सहकाऱ्यांपैकी एकालाही सांगता येत नाहीत. मुस्लिम बाई बोलतच नाही, तिला आधी कुणीतरी सोडवलं पाहिजे, हे चित्र इतकं पक्कं बसलं आहे की ती बोलली तरी ते हलत नाही.

आणि ती नवऱ्याऐवजी सत्तेविरुद्ध बोलू लागली, की सहानुभूती उडून जाते. १ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ नावाच्या अ‍ॅपवर मुस्लिम पत्रकार, लेखिका, कार्यकर्त्या यांचे फोटो लिलावासाठी मांडले गेले. त्याआधीच्या जुलैत ‘सुल्ली डील्स’नं हेच केलं होतं. या पडद्यामागच्या गप्प बायका नव्हत्या. त्या रोज बोलत होत्या, म्हणूनच त्यांना निवडलं होतं.

मी साडी नेसते, नमाजला पदर डोक्यावरून घेते, बुरखा घालत नाही. माझ्या वर्गातल्या काही मुली हिजाब बांधून येतात. २०२२च्या मार्चमध्ये, वर्गातल्या हिजाबबंदीवर निकाल देताना, हिजाब ही धर्मातली आवश्यक प्रथा नाही, असं कर्नाटक उच्च न्यायालय म्हणालं. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मतं दोन दिशांना गेली. न्यायमूर्ती धुलिया यांनी हा मुलीच्या निवडीचा प्रश्न मानला आणि तिच्या शिक्षणाची काळजी आधी केली. मला तेच पटतं. धर्मात आवश्यक काय, हे एकीकडं मौलवी ठरवणार, दुसरीकडं न्यायालय. ज्या मुलीच्या डोक्यावर ते कापड आहे, तिच्या श्रद्धेला मात्र वजन नाही. ती दबावाखाली बांधत असेल, तर तेही तिलाच विचारून कळेल. शाळेच्या फाटकावर अडवून कळणार नाही.

खलिफा उमर यांच्याबद्दल एक आठवण सांगतात. लोकांसोबत जाताना एका म्हातारीनं त्यांना वाटेत थांबवलं आणि बराच वेळ उपदेश केला. सोबतचे वैतागले. उमर म्हणाले, ही खौला आहे, जिचं म्हणणं सात आसमानांवरून ऐकलं गेलं. तिचं मी ऐकू नये?

हे सगळं मी फॉल-पिकोवाल्या त्या बाईला सांगितलं. तिनं विचारलं, ‘आपा, तलाक न देता टाकलं, त्याबद्दल आहे काय कुठं?’ आहे. चौथ्या अध्यायातली १२९वी आयत एकीकडं पुरतं झुकून दुसरीला अधांतरी लोंबकळत ठेवायला मनाई करते. तिनं आयतीचा क्रमांक वहीत लिहून घेतला आणि मशिदीच्या मौलानांकडं जाऊन विनंती केली, की जुम्म्याच्या खुतब्यात यावर बोला, तिच्या नवऱ्याचे भाऊ पहिल्या रांगेत बसतात. मौलाना म्हणाले, ‘रमजाननंतर बघू.’ रमजान झाला, बकरी ईदही झाली. पोटगीचा अर्ज तिनं सांगलीच्या कोर्टात दाखल केला आहे, आणि येत्या गुरुवारी ती पुन्हा मौलानांकडं जाणार आहे. शाळा सुटल्यावर मीही तिच्यासोबत जाईन.