न पेरलेल्या अन्नाचे ऋण

आषाढाच्या सरी स्थिरावल्या की आपल्याकडील सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतून एक थट्टा दरवर्षी नव्या उत्साहाने फिरू लागते. ज्या टाकळ्याकडे आजोबांनी उकिरड्याच्या कडेचा पाला म्हणून कधी वळून पाहिले नाही, तो आता उपाहारगृहाच्या पत्रकावर मानाने विराजमान झाला आहे, फोडशी, कुर्डू आणि भारंगी या रानभाज्यांची नावे समारंभातल्या संभाषणात पांडित्याने उच्चारली जात आहेत आणि फुकट उगवणाऱ्या तणासाठी शहाणीसुरती माणसे रोख पैसे मोजत आहेत, असा या थट्टेचा आशय असतो. तीत तथ्यांश मुळीच नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु विनोद हे आपल्या परंपरेत धर्मविचाराचेही एक साधन मानले गेले असून, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ मधून रूढींची जी झडती घेतली ती केवळ करमणुकीसाठी घेतली नव्हती. म्हणून या थट्टेलाही गांभीर्याने सामोरे जाऊन, ती कोणत्या गृहीतावर उभी आहे हे पाहणे उचित ठरेल. जे पेरले नाही त्याला मोल नाही, आणि ज्याला मोल नाही त्याचे मोल देणारा मूर्ख, हे ते गृहीत होय. ते खरे आहे काय? मनुष्याने न नांगरता, न पेरता आणि न शिंपता भूमीने जे अन्न दिले ते कोणाचे, आणि ते खाणाऱ्यावर कोणते कर्तव्य येते?

आपल्या शास्त्रकारांनी या अन्नाला हलके कधीच लेखले नाही. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाला नांगराच्या फाळाने उकरलेल्या जमिनीतले धान्य, ते कोणी टाकून दिलेले असले तरी, वर्ज्य सांगितले आहे. चौथ्या अध्यायात ब्राह्मणाच्या उपजीविकेच्या मार्गांची प्रतवारी लावताना शेतात सांडलेले कण वेचून जगणे अग्रस्थानी ठेवले असून कृषी त्याच्या पुष्कळ खाली, व्यापार त्याहूनही खाली आणि दुसऱ्याची चाकरी तर सर्वथा त्याज्य ठरवली आहे. वैशेषिक दर्शनाच्या प्रणेत्याला कणाद हे नाव पडले ते तो वेचलेले कण खाऊन राही म्हणून, अशी आख्यायिका आहे. आणि कालिदासाने शाकुंतलाच्या पहिल्या अंकात तपोवनाची ओळख दुष्यंताला पटवली आहे ती पोपटांच्या ढोल्यांतून वृक्षांखाली गळलेल्या नीवाराच्या, म्हणजे रानतांदळाच्या, दाण्यांवरून. दप्तरी चाकरीवर संसार चालवणाऱ्या आजच्या मध्यमवर्गीयाला वर्षातून चार दिवस तरी असे न पेरलेले अन्न खावेसे वाटावे, यात हसण्यासारखे काही नाही. जीवनाच्या ज्या रीतीपासून तो दूर फेकला गेला तिची ती ओढ आहे, आणि ओढ प्रामाणिक असली तर तिला योग्य वळण देणे हे धर्मविचाराचे काम आहे.

हे वळण कोणते, याचे उत्तर आपल्या घराघरांत पाळल्या जाणाऱ्या एका व्रतात दडलेले आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमी करणाऱ्या स्त्रिया बैलाच्या श्रमाचे काहीही खात नाहीत. परसातल्या वेलीवरचे, आळ्यातले, हाताने लावलेले किंवा आपोआप उगवलेले तेवढेच त्या दिवशी चालते, आणि भातही पसईच्या तांदळाचा, म्हणजे पाणथळीत स्वतः वाढणाऱ्या देवभाताचा असतो. या व्रताच्या कथेत स्त्रीच्या रजोधर्माला जो दोष चिकटवला आहे तो आज कोणत्याही विवेकी माणसाने मानू नये, असे मी निःसंदिग्धपणे म्हणतो. पण त्याच कथेत दुसरे एक सत्य आहे व ते टाकून देण्यासारखे नाही. मृत पिता बैलाच्या योनीत जन्मून आपल्याच पुत्राच्या दाराशी बांधला गेला आहे. पुत्र पित्याचे श्राद्ध यथासांग करतो, आणि ज्याचे श्राद्ध चालले आहे तो पिता त्याच दिवशी तोंड बांधलेल्या अवस्थेत, उपाशीपोटी, पुत्राचेच शेत नांगरून परत आलेला असतो. ताटात आलेल्या प्रत्येक घासामागे कोणीतरी राबले आहे, तो राबणारा आपला कोण लागतो हे आपल्याला ठाऊक नसते, आणि पूज्य म्हणून ज्याला पिंड द्यावा त्यालाच अज्ञानाने आपण उपाशी ठेवत असू, ही या कथेची शिकवण आहे. एक दिवस बैलाचे अन्न सोडणे म्हणजे उरलेल्या दिवसांचे ऋण कबूल करणे होय.

व्रत आणि हौस यांतला भेद मला येथे दिसतो. व्रतात खाणारा स्वतःला बांधून घेतो; हौशीत तो वस्तूला आपल्या इच्छेशी बांधतो. पान तेच असते, चवही तीच असते. परंतु एका ताटात ऋणाची जाणीव वाढलेली असते आणि दुसऱ्यात नसते.

आता ऋण कोणाचे, या प्रश्नाकडे वळू. मनूनेच नवव्या अध्यायात स्वामित्वाचे एक तत्त्व सांगितले आहे : ज्याने झाडझाडोरा तोडून जमीन वाहितीला आणली त्याचे शेत, आणि ज्याचा बाण प्रथम लागला त्याचा मृग. श्रमातून हक्क जन्मतो, असा त्याचा अर्थ. या न्यायाने जे रानात आपोआप आले ते कोणाचेच नाही, असे वरवर पाहता वाटेल. आणि जे कोणाचेच नाही ते सरकारचे, असा निष्कर्ष ब्रिटिश अंमलाने काढलाही. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानांतील रयतेचे पिढीजात व्यवहार जंगलखात्याच्या मेहेरबानीवर सोपवले. १८९२ साली मुंबई इलाख्यात ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर कायद्याने निर्बंध आला, आणि अबकारी महसुलाच्या रक्षणासाठी, जे फूल पहाटे झाडाखाली पडते आणि जे गरिबाच्या घरी वाळवून वर्षभर अन्न म्हणून वापरले जाते, तेच संशयास्पद माल ठरले. १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे परवान्याविना गवत कापून जंगल सत्याग्रह आरंभला आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला चिरनेर येथे माणसे गोळ्यांना बळी पडली, ती या प्रश्नावरच : रानात उगवलेल्यावर पहिला हक्क रानात राहणाऱ्याचा की खलित्यावर शिक्का मारणाऱ्याचा? स्वतंत्र भारताच्या संसदेने त्याचे उत्तर २००६ च्या वनहक्क कायद्यात दिले आणि गौण वनोपजावरील स्वामित्व तेथील आदिवासींचे व इतर पारंपरिक वननिवासींचे म्हणून मान्य केले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्काचा दाखला मिळाला, तेव्हा ते उत्तर कागदावरून जमिनीवर उतरू लागले.

याउपर हे अन्न आपोआप येते असे म्हणणे हीसुद्धा अर्धीच गोष्ट आहे. उगवते ते आपोआप. अन्न होते ते मनुष्याच्या ज्ञानाने. पहिल्या पावसाबरोबर ठाणे-रायगडच्या रानांत शेवळ वर येते तेव्हा तिच्या अंगी कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला खाज आणतात, आणि म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंचेबरोबर शिजवावी लागते; कडू कंद चिरून, राखेच्या पाण्यात उकळून, पुन्हा पाण्यात भिजत घालावे लागतात; टाकळा कोवळा असेल तोवरच रुचतो आणि जून झाला की कोणी त्याला हात लावत नाही. कोणते पान कोणत्या नक्षत्रात खुडावे, कोणते सोडावे, कोणत्या दोन रोपांचे रूप सारखे असून एक पोषक आणि दुसरे घातक आहे, ही विद्या कातकरी, ठाकूर, वारली स्त्रियांनी आईकडून लेकीकडे दिली. तिला ना गुरुकुल मिळाले ना सनद, पण अजाणतेपणी विष खाण्यापासून जी विद्या माणसाला वाचवते तिला विद्या न म्हणावे तर कशाला म्हणावे? मनूच्या न्यायात वाहितीच्या श्रमाने शेतावर हक्क येतो, तर ओळखण्याच्या, खुडण्याच्या आणि डोक्यावरून वाहून आणण्याच्या श्रमाने रानभाजीवर तो का येऊ नये?

म्हणून दरसाल होणारी ती थट्टा चुकीच्या जागी बोट ठेवते, असे माझे मत आहे. रानातल्या पाल्याला पैसे मोजणे हे मध्यमवर्गाच्या आचरणातले हास्यास्पद अंग नाही. त्यातले तेवढेच अंग न्याय्य आहे. शोचनीय आहे ते निराळेच. उपाहारगृहात मांडलेल्या थाळीचे पैसे मुकाट्याने देणारा गृहस्थ स्टेशनाबाहेर फडक्यावर भाजीचे वाटे मांडून बसलेल्या वृद्धेला, “आजी, रानातलीच तर आहे, पाच रुपये कमी कर,” असे म्हणतो, तेव्हा तिच्या विद्येचे आणि पहाटेपासूनच्या पायपिटीचे मोल तो शून्य ठरवतो, आणि पुत्राच्या शेतात राबलेल्या त्या बैलाचेच तोंड पुन्हा बांधतो. त्याला हेही स्मरत नाही की तिच्या घरी हेच पान निवडीने शिजत नाही. भात कापणीला येतो आश्विन-कार्तिकात. आषाढ-श्रावणात कणगीचा तळ लागतो. वीटभट्टीवर अंगावर घेतलेली उचल फेडून जी कुटुंबे पावसाच्या तोंडी पाड्यावर परतली त्यांना त्या दोन महिन्यांत रानाचा आधार असतो. ऋषी हे अन्न खातो ते धान्य सोडून, कातकरी खातो ते धान्य संपून, आणि मध्यमवर्गीय खातो ते धान्य भरपूर असताना. पहिल्याचे ते तप, दुसऱ्याची ती निकड. तिसऱ्याचे ते काय ठरेल हे सर्वस्वी त्याच्या वर्तनावर अवलंबून आहे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की, जे आपल्याला दिले गेले त्याच्या बदल्यात काहीही परत न देता जो भोगतो तो चोर होय. न पेरलेल्या अन्नाला हा निकष सर्वांत अधिक लागू पडतो, कारण पेरणाऱ्याने निदान बी परत दिलेले असते. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील कुरुक्षेत्रीचा उञ्छवृत्ती ब्राह्मण वेचलेल्या कणांचे सातू आपले समजत नव्हता; दुष्काळात दारी आलेल्या अतिथीला त्याने आणि त्याच्या कुटुंबाने आपापला वाटा देऊन टाकला, आणि त्या पिठाने ज्याचे अर्धे अंग सुवर्णाचे झाले त्या मुंगसाने युधिष्ठिराचा अश्वमेध त्या दानापुढे उणा ठरवला. वेचणे श्रेष्ठ ठरले ते त्या देण्यामुळे.

कोणी म्हणेल, शहराची मागणी वाढली तर रानच ओरबाडले जाईल. ही भीती रास्त आहे : शेवळीचा आपण खातो तो भाग म्हणजे तिचा फुलोरा, तो सरसकट खुडला तर बी धरणार नाही, फोडशी मुळासकट उपटली तर पुढच्या वर्षी त्या जागी येणार नाही. किती खुडावे आणि किती राखावे याचा निर्णय ज्या गावाचे रान त्या ग्रामसभेचा असावा, आणि तिने ‘आता पुरे’ म्हटले की शहराने दुसऱ्या भाजीवर समाधान मानावे. मध्यमवर्गाला ऋषींचे अन्न हवे असेल तर त्यांच्या व्रतातील नियमही घ्यावे लागतील : विकणारीने सांगितलेला भाव घासाघीस न करता द्यावा, भाजी निवडण्याची रीत तिलाच विचारून तिला शिक्षकाचा मान द्यावा, तिच्या रानावरचा तिचा कायदेशीर हक्क अजून कोणत्या कचेरीत अडकून पडला असेल तर तो सुटावा म्हणून आपली साक्षरता आणि ओळख कामी लावावी. एवढे ज्याच्या हातून घडेल त्याच्या पानातल्या टाकळ्याला कोणी खुशाल फॅशन म्हणो. त्या अन्नाला यज्ञशेष म्हणण्यास मला कोणताही प्रत्यवाय दिसत नाही.