म्हंजे काय जी?

माणसाने केलेल्या यंत्रांत सायकलीइतकं निर्मळ मनाचं यंत्र दुसरं नाही. घड्याळ पोट झाकून बसतं. मोबाईलचं पोट उघडलं की त्याची गॅरंटीच संपते. सायकलीचं मात्र सगळं चव्हाट्यावर! पॅडल मारलं की चेन ओढली जाते, चेन फ्रीव्हीलला फिरवते, फ्रीव्हील चाकाला फिरवतं. तिसरीतल्या पोरालाही नुसतं बघून कळावं. आणि नेमकं ह्याच उघड्यावाघड्या यंत्राला बाजाराने हल्ली शब्दांचा बुरखा घातला आहे. हा प्रश्न मला नुसता दुकानदारीचा वाटत नाही, नीतीचा वाटतो. समोरच्याला न कळणाऱ्या भाषेत वस्तू विकणं हे खोटं बोलणं आहे काय? आणि काही न कळता मान डोलावणं, ते कशात मोडतं?

मी राहतो वलगावला, नोकरी अमरावतीच्या एका बँकेत. मधलं अंतर दहाएक किलोमीटर. पोट चक्रवाढ व्याजाने वाढत चाललेलं. तेव्हा सायकल घ्यावी असं ठरलं. (घरात ठरलं, मला कळवण्यात आलं.) दुकानातल्या पोराने 'काका' म्हणून स्टूल दिलं आणि एका दमात म्हणाला, "ही एमटीबी आहे काका, ट्वेंटी-नाइनर. हाय-टेन फ्रेम, एटी एमएम ट्रॅव्हल विथ लॉकआउट, ट्वेंटी-वन स्पीड, अलॉय रिम."

मी म्हटलं, "बाळा, मला रोज दहा किलोमीटर जायचंय. ऐंशी मिलिमीटर ट्रॅव्हलमध्ये मी घराच्या उंबऱ्यावरच राहीन."

तो हसला नाही. मग मी एकेका शब्दाला धरून 'म्हणजे काय?' सुरू केलं.

एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, डोंगरात चालवायची सायकल. आमच्या बाजूला डोंगर म्हणजे चिखलदरा, आणि तिथे मी एस.टी.ने जातो. ट्रॅव्हल म्हणजे पुढच्या चिमट्यातली स्प्रिंग किती दबते ते माप. लॉकआउट म्हणजे ती स्प्रिंग दबू नये म्हणून केलेली सोय. म्हणजे आधी स्प्रिंगचे पैसे मोजा, मग ती बंद करण्याचे मोजा! एकवीस स्पीड म्हणजे पुढे दातेरी चाकं तीन, मागे सात. तीन साते एकवीस. पण त्यातल्या कितीतरी जोड्या जवळपास सारखाच गियर देतात, तेव्हा एकवीस हा आकडा पाढ्याचा आहे, पायांचा नाही. अलॉय म्हणजे मिश्रधातू. दुकानात त्याचा अर्थ ॲल्युमिनियमचा. खरं तर पोलादही लोखंड आणि कार्बन मिळूनच होतं, पण त्या बिचाऱ्याला अलॉय म्हणून कुणी मान देत नाही.

"आणि हाय-टेन?"

"हाय-टेन म्हणजे... क्वालिटी, काका."

हाय-टेन म्हणजे हाय टेन्साइल, जास्त ताण सोसणारं पोलाद. पोराला ते ठाऊक नव्हतं. त्याला कुणीतरी पाठ करून दिलेलं होतं आणि तो ते आमच्याकडून पाठ करून घेत होता. म्हणजे विकणाराला कळत नाही, घेणाराला कळत नाही, आणि व्यवहार मात्र रोखीने पुरा!

खरी गंमत चाकात आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी जन्मभर दामटलेली काळी सायकल अठ्ठावीस इंची, टायर २८ गुणिले दीड. ही नवी एकोणतीस. तेव्हा नवी मोठी, असंच कुणीही म्हणेल. पण टायरच्या कडेला बारीक अक्षरांत आणखी एक जोडआकडा असतो. युरोपातल्या टायर आणि रिमच्या एका संस्थेने, ईटीआरटीओने, तो चालवला आहे. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जुन्या अठ्ठावीसचा व्यास ६३५, नव्या एकोणतीसचा ६२२! रिम तेरा मिलिमीटरने लहान, आणि नाव एक इंचाने मोठं. उरलेली उंची टायरच्या जाडीने भरून काढलेली. त्याच ६२२ ला ७००-सी असंही म्हणतात; एकाच माणसाची दोन रेशनकार्डं. मी आणि ते पोरगं, दोघांनी वाकून तो आकडा वाचला. त्याने पहिल्यांदाच वाचला असावा, कारण नंतर त्याने आपण होऊन दुसऱ्या चार सायकलींचे टायर पाहिले.

ह्याचा अर्थ आद्याक्षरं वाईट असा नव्हे. कितीक लोकांनी जन्मभर बीएसए सायकल चालवली; बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मुळात बंदुकांचा कारखाना, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? काही अडलं नाही. एस.टी.चंही तेच. आमच्या चौकातला मिस्त्री एकदा भर रस्त्यात ओरडला, "साहेब, तुमची बीबी लई आवाज करते!" पण लगेच त्याने पॅडलचा दांडा धरून डुगडुगवून दाखवला. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पॅडलचा आस बसतो ती जागा. कारागिराचा शब्द असा बोट लावून दाखवता येतो. विक्रेत्याच्या शब्दाला बोट लावायला गेलं की पुढे दुसरा शब्दच लागतो. माझ्या मते शब्दाच्या प्रामाणिकपणाची कसोटी हीच.

बी.कॉम.ला असताना आम्ही 'कॅव्हिएट एम्प्टर' घोकलं होतं: खरेदीदाराने सावध राहावं. पण १९३० च्या वस्तुविक्री कायद्यात, सोळाव्या कलमात, एक अपवाद आहे. वस्तू कशासाठी हवी हे तुम्ही त्या धंद्यातल्या विक्रेत्याला सांगितलं, आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतलीत, तर ती त्या कामाला योग्य असण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. उलट निव्वळ नाममुद्रेवर मागितलीत तर ते संरक्षण जातं! केवढं शहाणपण आहे बघा. कायदा म्हणतो, नाव सांगू नका, काम सांगा. मी काम सांगितलं: सपाट डांबरी रस्ता, हँडलला डबा, वऱ्हाडातलं ऊन, पावसाळ्यातला चिखल, गुडघा एक बरा. पोराने आतून धूळ झटकत एक साधी सायकल आणली. एकच गियर, मडगार्ड, कॅरियर. किंमत ऐकून त्याचाच चेहरा पडला.

पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा माहितीचा हक्क देवो नाहीतर न देवो, आपण मान डोलावतो त्याला कायदा काय करणार? 'अडाणी ठरू' ह्या भीतीने हललेली मान म्हणजे न वाचता केलेली सही. आणि तिचं नुकसान आपल्यापुरतं राहत नाही. आपण डोलावली की विकणाराला वाटतं, ही भाषा लोकांना कळते. मग आपल्या मागच्या साध्या माणसावर तो तीच भाषा सोडतो. म्हणून 'म्हणजे काय?' विचारणं हे मला अज्ञानाचं प्रदर्शन वाटत नाही. तो परोपकार आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी आमच्या वलगावला, पेढी नदीच्या काठी गाडगेबाबांनी देह ठेवला. ते कीर्तनात समोरच्या गर्दीलाच प्रश्न विचारायचे, तेही अस्सल वऱ्हाडीत. त्या गावच्या माणसाने प्रश्न विचारायला लाजावं म्हणजे कमालच!

अर्थात सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मी स्टुलाच्या पलीकडच्या बाजूला असतो. आमच्याकडे तर आद्याक्षरांचंच पीक. आता कारकुनाच्या भरतीलाही २०२५ पासून 'सीएसए' म्हणतात. २००२ साली रिझर्व्ह बँकेने केवायसी आणलं, त्यानंतर एकेका शब्दाने रांगेतली माणसं अधिकाधिक मुकी होत गेलेली मी पाहिली आहेत. परवा एक म्हातारबुवा मात्र मुके राहिले नाहीत.

"हे केवायसी म्हंजे काय जी, साहेब?"

"म्हणजे बाबा, तुम्ही कोण आहात हे बँकेनं नीट ओळखायचं."

"मंग ओयखा नं! मी तं समोरच उभा आहो."

मी हसलो, मग कुठला कागद कशासाठी लागतो ते सावकाश समजावून सांगितलं. त्यांच्या मागे तिघं उभे होते. इतकी वर्षं निमूटपणे फॉर्म भरणारी माणसं. ती हळूच पुढे सरकून ऐकू लागली. बुवांचं झाल्यावर त्यातला एकजण घसा खाकरून म्हणाला, "आन् साहेब, हे एनईएफटी म्हंजे?"

त्या दिवशी रांग जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलली नाही.